बिल कधी थकलं नाही, म्हणूनच घाबरलात

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात एकटी राहते. वय ६६, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मोबाइल तेव्हाच बंद केला, मीटर मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे. गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास व्हॉट्सॲपवर महावितरणचं बोधचिन्ह असलेला मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, ताबडतोब अधिकाऱ्यांशी बोला, असं लिहिलं होतं. आमच्या घरचं लाइटबिल आजवर एकदाही थकलेलं नाही. दर महिन्याला मी पतसंस्थेत जाऊन भरते आणि पावती फाइलला लावते. तरी हात कापायला लागले आणि मी फोन लावला. पलीकडच्या माणसाने यजमानांचं पूर्ण नाव आणि ग्राहक क्रमांक बिनचूक सांगितला. "पैसे आलेत पण सिस्टीमला चढले नाहीत, मीटरचं नाव जुनं आहे ना, फक्त दहा रुपये भरून अपडेट करा" म्हणाला आणि एक फाइल पाठवली. ती उघडून मी कार्डाने दहा रुपये भरले. सोमवारी पासबुक भरायला गेले तेव्हा ९७ हजार रुपये गेलेले दिसले. बँकेत म्हणाले, ओटीपी तुम्हीच दिला असणार, आता काही होणार नाही. मी ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. मुलगा हैदराबादला असतो, त्याला बोलले नाही. शेजारच्या एकाला सांगितलं तर तो हसला. आता फोन वाजला तरी छातीत धडधडतं, मीटर बघायला आलेल्या वायरमनलाही मी दारातून परत पाठवलं. फोन तोच वापरते, ते ॲप आता कुठे दिसत नाही. परवा सायबर सेलमधल्या एका साहेबांचा फोन आला, ४,९९९ रुपये फी भरली तर आठ दिवसांत सगळे पैसे परत येतील म्हणाले. भरावेत का?
— एक वाचक भगिनी

उत्तर

बाई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते. ते ४,९९९ रुपये भरू नका. अर्धेसुद्धा नकोत, "आधी ५०० टाका, बाकी नंतर" असं म्हणाला तरी नकोत. तुमचे पैसे गेलेत हे बँकेतल्या माणसाला आणि एका शेजाऱ्याला सोडून कोणाला माहीत नव्हतं. पोलिसांत तुम्ही तक्रार केलेलीच नाही. मग या साहेबांना कळलं कुठून? ज्यांनी लुटलं त्यांच्याकडूनच, किंवा त्यांनी पुढे विकलेल्या यादीतून. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर या धंद्यात जपून ठेवतात, कारण पैसे परत मिळवायच्या आशेवर असलेला माणूस दुसऱ्यांदा लवकर हो म्हणतो. पोलीस असोत, बँक असो की रिझर्व्ह बँक, गेलेले पैसे परत मिळवून द्यायला यातलं कोणीही फी घेत नाही. त्या साहेबांचा नंबर कागदावर लिहून ठेवा, तक्रारीत लागेल. मग तो ब्लॉक करा.

दुसरी गोष्ट फोनची, आणि तीही आजच करायची. तुम्ही लिहिता, ते ॲप आता दिसत नाही. ते गेलेलं नाही, फक्त नजरेआड झालंय. अशी ॲप्स एकदा बसली की स्वतःचं चिन्ह लपवतात आणि मागे आपलं काम करत राहतात. तुम्हाला आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी "एपीके" अशी अक्षरं असणार. पावतीची किंवा फोटोची फाइल नुसती उघडते. एपीके उघडली की फोनमध्ये नवीन ॲप बसतं. बसताना त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली असेल आणि तुम्ही "अलाऊ" दाबलं असेल. आपण सगळेच दाबतो, त्याशिवाय हल्ली काही उघडत नाही.

तर पहिल्यांदा फोनचं इंटरनेट बंद करा. सिमकार्ड काढून घरात एखादा साधा बटणांचा फोन असेल तर त्यात घाला, म्हणजे बँकेचे मेसेज तरी या ॲपच्या हाती लागणार नाहीत. मग सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्सची पूर्ण यादी उघडा. चिन्ह लपवलं तरी या यादीत नाव बहुधा सापडतं. "बिल अपडेट", "कस्टमर सपोर्ट" अशा नावाचं किंवा नावच नसलेलं काही दिसलं की काढून टाका. काढायचं बटण दाबलं जात नसेल, तर त्याने फोनच्या व्यवस्थापनाचे अधिकार घेतलेत असं समजा. अशा वेळी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून फोन पूर्ण कोरा करणं, ज्याला फॅक्टरी रीसेट म्हणतात, हाच खात्रीचा उपाय. हे एकट्याने करू नका. बाजारातल्या दुकानदाराकडेही नको, शाळेतला एखादा जुना विद्यार्थी आता फोनमध्ये तरबेज असेल, त्याला बोलवा. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंय, गावात असा एक तरी निघेलच. तो आला की दोन गोष्टी आणखी बघायला सांगा: तुमचे कॉल दुसऱ्या कुठल्या नंबरवर वळवलेले नाहीत ना, आणि व्हॉट्सॲपच्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये अनोळखी यंत्र जोडलेलं नाही ना. हीच फाइल तुमच्या नावाने भावकीच्या ग्रुपवरही गेली नाही ना, तेही बघून घ्या.

आता तुम्हाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला ते शंभर टक्के पटतं. त्या संध्याकाळी काय झालं असावं ते सांगते. दहा रुपये भरायला जे पान उघडलं ते महावितरणचं नव्हतंच. त्यावर तुम्ही कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले. रक्कम दहाच ठेवतात, कारण दहा रुपयांसाठी कोणी दहादा विचार करत नाही. दहा रुपये मिळाले नाहीत तरी त्यांचं काही अडत नाही, त्यांना हवे होते ते कार्डाचे आकडे. मग त्या आकड्यांवर त्यांनी कुठेतरी हजारोंची खरेदी लावली, बँकेने तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला, आणि तो तुम्ही वाचायच्या आत त्या ॲपने उचलून पुढे धाडला. पैसे गेल्याचा बँकेचा मेसेजही त्यानेच लपवला किंवा पुसला. म्हणून शनिवारी रात्री तुम्हाला काही कळलं नाही आणि सोमवारी पासबुकात दिसलं.

यातलाच दुसरा प्रकारही सांगून ठेवते, कारण पुढचा फोन त्या वाटेने येऊ शकतो. काही जण फाइल न पाठवता "एनीडेस्क" किंवा "टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट" घ्यायला सांगतात. ही ॲप्स मुळात खोटी नाहीत, दूर बसून संगणक दुरुस्त करणारी माणसं ती रोज वापरतात. पण त्यात दिसणारा आकडा समोरच्याला सांगितला की तुमच्या फोनवर जे उमटेल ते तोही बघतो. मग तुम्ही पिन टाकत असता आणि तो वाचत असतो.

बँकेत परत जा, पण या वेळी तोंडी बोलू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दल बँकांना नियम घालून दिले. चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर त्याचा बोजा नाही. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. काउंटरवरचा माणूस "ओटीपी तुम्हीच दिला असणार" म्हणाला. तो त्याचा अंदाज आहे, आणि अंदाजाला पुरावा म्हणत नाहीत. तुम्ही शनिवारच्या व्यवहाराची तक्रार सोमवारी केलीत, म्हणजे तीन दिवसांच्या आत. अडचण एकच, ती तोंडी होती.

पोकळ आशा मात्र दाखवत नाही. कार्डाचे आकडे तुम्हीच त्या पानावर भरले हा मुद्दा बँक नक्की पुढे करेल आणि वाद तिथे अडू शकतो. तरी अर्ज करायचाच. अर्ज लांबलचक नको. असा लिहा:

"माझ्या खात्यातून अमुक तारखेला माझ्या संमतीविना पुढील व्यवहार झाले (रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक). महावितरणच्या नावाने आलेल्या फाइलमुळे माझ्या फोनवरचे बँकेचे मेसेज परस्पर वाचले गेले. मी ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. ही बाब मी अमुक तारखेला आपल्या शाखेत येऊन कळवली होती. रिझर्व्ह बँकेच्या अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दलच्या निर्देशांनुसार माझ्या तक्रारीचा निर्णय लेखी कळवावा आणि तक्रार क्रमांक द्यावा."

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असा त्याच नियमात उल्लेख आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यालाही पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

त्याच खेपेत जुनं कार्ड बंद करून घ्या आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, पण या फोनवरून नको. बऱ्याच बँकांत कार्डाच्या आकड्यांवर नेटबँकिंगचा नवा पासवर्ड काढता येतो, म्हणून हे राहू देऊ नका. आणखी एक गोष्ट विचारायला विसरू नका: माझ्या मुदतठेवी जागेवर आहेत का, आणि माझ्या नावावर कुठलं नवीन कर्ज निघालेलं नाही ना? मोबाइलवरून ठेव मोडता येते आणि झटपट कर्जही घेता येतं, ही सोय चोरांनाही ठाऊक आहे. पासबुकात बचत खातंच दिसतं, ठेवीचा कागद कपाटात तसाच असतो आणि माणूस निर्धास्त राहतो.

पोलिसांकडे तक्रार अजूनही करता येते. १९३० हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवता येते. फोन लागत नसेल तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जा. सोबत बँकेचा उतारा, त्या मेसेजचा फोटो, फोन केलेला नंबर आणि फाइलचं नाव न्या. एवढ्यासाठी तरी फोन कोरा करण्याआधी मेसेजचा आणि फाइलच्या नावाचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. १९३० चा खरा उपयोग पहिल्या तासा-दोन तासांत असतो. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, भाड्याने घेतलेल्या कोणाकोणाच्या खात्यांतून ते पुढे सरकवत नेतात, आणि तक्रार लगेच नोंदली गेली तर वाटेतल्या एखाद्या खात्यात ते अडकवता येतात. अडकलेली रक्कम नंतर परत मिळू शकते. तुमच्या बाबतीत महिना उलटलाय, तेव्हा रक्कम सापडण्याची शक्यता कमीच. तक्रार क्रमांक मात्र बँकेच्या आणि लोकपालाच्या कामी येईल.

आता तुम्ही न विचारलेल्या एका प्रश्नाकडे येते, जो पत्राच्या ओळीओळीत आहे. मी फसलेच कशी?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "आमच्या घरचं लाइटबिल आजवर एकदाही थकलेलं नाही." बाई, तुम्ही फसलात त्याचं कारण हेच आहे. ज्याचं बिल वरचेवर थकतं त्याला वीज कशी तोडतात हे पाठ असतं. नोटीस येते, मग वायरमन येऊन "काका, या आठवड्यात भरा हो" म्हणून जातो, मग कधीतरी दुपारी येऊन खरंच तोडतो, मग पैसे आणि पुन्हा जोडण्याचा आकार भरून पावती दाखवली की जोडतो. त्याला असा मेसेज आला तर तो हसून पुसून टाकेल. तुम्ही या वाटेने कधी गेलाच नाहीत. त्यामुळे वीज तोडण्याची खरी पद्धत तुम्हाला ठाऊक नाही, आणि आपल्या नावावर थकबाकी हा शब्द लागतोय एवढ्यानेच हात कापायला लागले. त्यात मीटरचं नाव बदलायचं राहिलंय ही बोच मनात होतीच. त्या माणसाने नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि तुम्हाला वाटलं, चूक माझीच आहे. शेजारी हसला तो शहाणा म्हणून नाही. त्याला अजून त्याच्या दुखऱ्या जागेचा फोन आलेला नाही.

आणि फोनवरच्या त्या माणसाला नाव-नंबर कसा कळला? लाइटबिल आपण किती जणांना देतो ते आठवून बघा. सिमकार्डाला, गॅसला, शाळेच्या दाखल्याला, पत्त्याचा पुरावा म्हणून सगळीकडे लाइटबिलाची झेरॉक्स. जुनी बिलं रद्दीत. नवं बिल वाटणारा फाटकाच्या फटीत खोचून जातो आणि दिवसभर ते तिथेच फडफडत असतं. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, सगळं त्यावर छापलेलं. तेव्हा बिलावरचा मजकूर कोणी वाचून दाखवला तर त्याने बिल पाहिलंय एवढंच कळतं, तो महावितरणचा आहे हे त्यातून ठरत नाही.

खरी पद्धत आता सांगते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे, थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती कुठल्याही वाटेने आली तरी मुदत पंधरा दिवसांची. स्मार्ट मीटर बसलेला असो की जुना, नियम तोच. आज सातला सांगून आज साडेनऊला तोडणं या कायद्यात बसतच नाही. मग रात्री साडेनऊ का? कारण तोवर महावितरणचं कार्यालय बंद, पतसंस्था बंद, बँक बंद, आणि शनिवार असेल तर दुसऱ्या दिवशीही बंद. विचारायला जाग्यावर कोणी नाही, फक्त मेसेजमधला तो नंबर आहे. वर अंधाराची भीती. देशभर फिरलेल्या इंग्रजी मेसेजमध्येही हीच साडेनऊची वेळ होती, आणि संपर्कासाठी "इलेक्ट्रिसिटी ऑफिसर". महावितरणमध्ये जनमित्र म्हणजे वायरमन असतो, सहायक अभियंता असतो, उपकार्यकारी अभियंता असतो. इलेक्ट्रिसिटी ऑफिसर नावाचा कोणी बसत नाही.

महावितरणचा खरा एसएमएस दहा आकडी मोबाइलवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजीत एमएसईडीसीएल ही अक्षरं असतात, त्यांच्या आधी दोन अक्षरं आणि आडवी रेघ. २०२५ पासून दूरसंचार प्राधिकरणाच्या नियमाने शेवटी आणखी एक अक्षर लागतं. त्यात अमुक अधिकाऱ्याच्या खासगी मोबाइलवर फोन करा असं नसतं. पण तुम्हाला हे माहीत असणार कसं? बिलावर नोंदवलेला मोबाइल यजमानांचा, तो बंद. म्हणजे गेली तीन वर्षं महावितरणचे खरे मेसेज तुमच्यापर्यंत आलेच नाहीत, आणि पहिला आला तो हा. तेव्हा आधी स्वतःचा नंबर नोंदवा. तो साध्या एसएमएसने होतो: इंग्रजीत एम, आर, ई, जी ही चार अक्षरं, मग एक मोकळी जागा, मग बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, असं लिहून ९९३०३९९३०३ वर पाठवा. किंवा बिल घेऊन शाखा कार्यालयात जा. मग दर महिन्याला बिल तयार झाल्याचा, पैसे जमा झाल्याचा मेसेज येऊ लागेल आणि खऱ्या मेसेजचा चेहरा ओळखीचा होईल.

शंका आली की १९१२ लावा. वीज तक्रारींसाठी हा नंबर देशभर चालतो. महावितरणचे १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हेही चोवीस तास चालणारे मोफत नंबर आहेत. नंबर बिलावरूनच घ्या. इंटरनेटवर "कस्टमर केअर" म्हणून शोधायला जाऊ नका, तिथे चोरांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात. आणि सर्वांत जवळचं उत्तर तर तुमच्या घरातच होतं: फाइलला लावलेली पतसंस्थेची पावती. पैसे "चढले नाहीत" असं कोणी म्हणाला तर त्याला एवढंच सांगा, "पावती आहे, सोमवारी ऑफिसला घेऊन येते." खरा कर्मचारी "बरं" म्हणेल. खोटा आवाज चढवेल किंवा फोन ठेवेल.

मुंबईतल्या वाचकांकडे वीज बेस्टची, अदानीची किंवा टाटाची असेल, गोव्यात सरकारच्या वीज खात्याची, पण फोन याच घाटाचा येतो. पाइपगॅसच्या नावाने "आज रात्री पुरवठा बंद" असा मेसेज येतो, आणि स्मार्ट मीटरच्या नावानेही आता पैसे मागतील. मीटर बदलण्यासाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत असं महावितरणने वारंवार जाहीर केलंय, तेवढं लक्षात असू द्या.

मुलाला सांगा. या रविवारीच सांगा. तो रागावेल, "मला एक फोन करता आला नाही का" म्हणेल. म्हणू दे. त्याने आवाज चढवला तर सांगा की राग नंतर कर, आधी माझ्याबरोबर तक्रार भरायला बस. पोर्टलवरची तक्रार, बँकेशी पत्रव्यवहार, लोकपालाचा अर्ज, हे त्याला हैदराबादहून बसल्या जागी करता येईल, तुम्हाला एकटीला ते जड जाईल. शिवाय पैसे गेल्याचं लपवून ठेवलेला माणूस पुढच्या चोराला सोपा सापडतो. तो ४,९९९ वाला बघा, तुम्ही मुलाला सांगितलं नसणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. मुलगा पुढे आला की कार्डाची रोजची मर्यादा खाली आणायला सांगा. ऑनलाइन खरेदी लागत नसेल तर ती सोय बंदच करता येते, आणि मोठी रक्कम मोबाइलशी न जोडलेल्या वेगळ्या खात्यात ठेवता येते.

राहिला वायरमन. त्याला परत पाठवलंत त्यात काही बिघडलं नाही, तो पुन्हा येईल. आला की दारातच ओळखपत्र मागा आणि शाखा कार्यालयाला फोन करून नाव विचारा. खरा असेल तर रागवायचा नाही, त्यालाही हल्ली सगळीकडे हेच विचारतात. मीटर बाहेर असेल तर घरात घ्यायचीही गरज नाही. बघू दे, नोंद करू दे. रोख रक्कम हातात द्यायची नाही, फोन हातात द्यायचा नाही, त्याने पाठवलेली फाइल उघडायची नाही.

आणि त्याच्याकडेच नाव बदलायचं विचारा. यजमानांचा मृत्यू दाखला, तुमचं ओळखपत्र, घराचा उतारा आणि मुलाचं संमतीपत्र एवढं तयार ठेवा. आणखी काही हवं असेल तर शाखेत सांगतील. मुलगा दिवाळीत येईल तेव्हा त्याची सही मिळेल. बँकेने अर्जाला उत्तर दिलं की त्याची प्रत मला पाठवा. लोकपालाकडे जायची वेळ आली तर तो मजकूर आपण मिळून लिहू.